रातांब्याच्या बियांतलं तेल

क्रीमच्या डबीवर 'हळदीचा अर्क' ठळक छापलेलं असतं. मी क्रीमच बनवते, त्यामुळे माझं लक्ष आधी दुसरीकडे जातं: तो अर्क कशात मुरवलाय? हळदीतलं कर्क्युमिन हे पिवळं द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही आणि उजेडात लवकर खराब होतं. त्याला सांभाळून नेणारं स्निग्ध द्रव्य नसेल, तर त्वचेवर फक्त पिवळेपणा उरतो.

माझा जीव आहे तो मुठेलावर, म्हणजे कोकमतेलावर. आमच्या सिंधुदुर्गात आमसुलांसाठी रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळांची, सालं काढली की बिया उरतात. त्या वाळवायच्या, फोडायच्या, आतला गर कुटून पाण्यात उकळायचा आणि वर येणारा तवंग काढून घ्यायचा. निवताना घट्ट होऊ लागला की मुठीत दाबून गोळे वळायचे. थंडीत टाचांना भेगा पडल्या की आई तो गोळा दिव्यावर धरायची आणि वितळलेलं तेल भेगांत भरायची.

हे तेल साधारण ३८ ते ४२ अंश सेल्सिअसला वितळतं. त्यातल्या स्निग्धाम्लांत स्टिअरिक निम्म्याहून जास्त, उरलेलं बहुतेक ओलेइक. डबीत घट्ट राहतं, चोळल्यावर मऊ होतं. अर्क पोटात सांभाळून नेणाऱ्या घन स्निग्ध कणांसाठी नेमकं हेच हवं असतं. वितळलेल्या तेलात अर्क विरघळवायचा, गरम पाण्यात जोरात घुसळून नॅनोमीटरमध्ये मोजावे लागतील इतके बारीक थेंब करायचे आणि थंड करायचं. थेंब गोठतात, अर्क आत राहतो. अडचण पुढे येते. साठवणीत स्निग्धाचे स्फटिक जसजसे नीट रचले जातात, तसतशी अर्काला जागा कमी पडते आणि तो बाहेर ढकलला जातो. म्हणून मी थोडं तिळाचं तेल मिसळते. रचना जरा विस्कळीत राहते, अर्क टिकून राहतो.

सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे, तरी बियांना अजून सालांइतका मान नाही. मला हे पटत नाही. ज्या बायकांकडून मी गोळे घेते, त्यांना दर हंगामाआधी सांगते: बिया पाऊस लागण्याआधी कडकडीत वाळवा. ओल राहिली की तेलाची आम्लता वाढते, वास येतो. प्रत्येक खेपेची आम्लता मी स्वतः तपासते आणि कमी आली की भाव वाढवून देते.