‘सर, आवाज येत नाही’

गेल्या जुलैतील एका रविवारी सकाळी १० वाजता नौपाड्यातील आमच्या घरी लॅपटॉपसमोर बसून मी मोडी लिपीच्या वर्गाला सुरुवात केली, तेव्हा माझ्या ‘नमस्कार मंडळी’ला पडद्यावरच्या चौदा चौकटींपैकी एकीतूनही उत्तर आले नाही. माझे ओठ हलताना सर्वांना दिसत होते. ऐकू मात्र काहीच जात नव्हते. बाजूच्या पट्टीत ‘सर, आवाज येत नाही’ हे वाक्य एकाखाली एक उमटू लागले आणि तो वर्ग मी शेवटी मोबाइलवरून कसाबसा उरकला.

सोमवारी लॅपटॉप घेऊन घराजवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात गेलो. तेथील तरुणाने त्याच बैठकीच्या सॉफ्टवेअरमध्ये दोनदा ‘हॅलो, हॅलो’ करून पाहिले, आवाजाची पट्टी हलत नाही असे मला दाखवले आणि मायक्रोफोन गेला असून मदरबोर्ड बदलावा लागेल, नऊ हजार रुपये खर्च येईल, असे निदान केले. विचार करून सांगतो, असे म्हणून मी लॅपटॉप परत आणला. ऐरोलीला राहणारा माझा भाचा संगणकाच्या क्षेत्रात काम करतो, त्याला फोन लावला, तर त्याने पहिलाच प्रश्न विचारला, “मामा, साउंड रेकॉर्डरमध्ये बोलून पाहिलंत का?”

पाहिले नव्हते. दुकानातल्या मुलानेही पाहिले नव्हते. विंडोजबरोबर येणारा हा साधा ध्वनिमुद्रक उघडून मी ‘श्री’पासून दोन ओळी म्हटल्या आणि लगेच ऐकल्या, तर माझा आवाज आला, खोल आडातून आल्यासारखा होता, पण आला. म्हणजे मायक्रोफोन जिवंत होता. बैठकीत आपले बोलणे समोरच्याला ऐकू न जाणे हा मायक्रोफोन बिघडल्याचा पुरावा होत नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले. पडद्याच्या चौकटीवरील मायक्रोफोनच्या भोकापासून विद्यार्थ्याच्या कानापर्यंत वाटेत ड्रायव्हर, म्हणजे मायक्रोफोनची विंडोजशी गाठ घालून देणारे छोटे सॉफ्टवेअर आहे, विंडोजची परवानगी आहे, बैठकीच्या सॉफ्टवेअरने निवडलेले साधन आहे, त्याचे आवाज बंद करण्याचे बटण आहे, इंटरनेट आहे आणि शेवटी विद्यार्थ्याचा स्वतःचा स्पीकर आहे. यांपैकी कोणीही वाट अडवली, तरी लक्षण एकच, शांतता. म्हणून तपासणी सर्वांत आखूड वाटेवर, म्हणजे इंटरनेट आणि बैठक मध्ये न आणता, आपल्याच यंत्रावर ध्वनिमुद्रण करून सुरू करावी. विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधील ‘सिस्टम’, ‘साउंड’ या मार्गाने जाऊन मायक्रोफोनच्या नावावर टिचकी मारली, की ‘स्टार्ट टेस्ट’ असे बटणही मिळते. नेहमीच्या आवाजात चार वाक्ये बोलून ते थांबवले, की आवाज एकूण क्षमतेच्या किती टक्के पोहोचला ते दिसते.

आता प्रश्न असा होता, की ध्वनिमुद्रकात येणारा आवाज बैठकीत का जात नाही. भाच्याने मला सेटिंग्जमधील ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ आणि त्याखालचा ‘मायक्रोफोन’ उघडायला सांगितला. तेथे एकाखाली एक, तीन स्तरांवर चालू-बंद करण्याच्या कळा असतात. पहिली संपूर्ण यंत्रासाठी, दुसरी ॲपसाठी, आणि पार तळाशी तिसरी ‘डेस्कटॉप ॲप्स’साठी. साउंड रेकॉर्डर दुसऱ्या गटात मोडतो आणि त्याला स्वतःची वेगळी कळ असते. ब्राउझर आणि बैठकीची बहुतेक सॉफ्टवेअरे मात्र तिसऱ्या गटात मोडतात, आणि त्या सर्वांना मिळून ती एकच तळाची कळ असते. माझ्याकडे नेमकी ती बंद होती.

ती कोणी बंद केली, याचे उत्तर मला फार शोधावे लागले नाही. आदल्या आठवड्यात लॅपटॉपचे कॅमेरे आणि मायक्रोफोन आपल्यावर पाळत ठेवू शकतात, अशा आशयाचा एक लेख वाचून मी सावध झालो होतो आणि शनिवारी दुपारी बसून, ‘डेस्कटॉप ॲप म्हणजे आपल्याला काय करायचे आहे’ अशा विचाराने, ती कळ मीच बंद केली होती. हे कळल्यावर पत्नीने ‘अहो, मग पाळत बंद झाली ना?’ एवढेच विचारले. कळ चालू केली, बैठकीचे सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडले, आणि आवाजाची पट्टी हलू लागली.

पण आडातून येणारा आवाज आडातच राहिला होता. एका विद्यार्थिनीला विनंती करून पाच मिनिटे बोललो, तर ती म्हणाली, की वाक्याची सुरुवात ऐकू येते आणि शेवट विरतो. येथे मी भाच्याच्या सांगण्यावरून किरकोळ शक्यता झपाट्याने निकालात काढल्या. हेडफोनच्या छिद्रात काही अडकलेले नव्हते. तेथे कचरा गेला, तर हेडफोन लावलेलाच आहे असा लॅपटॉपचा समज होऊ शकतो. ब्लूटूथचा हेडफोन जोडलेला नव्हता. तो असता, तर त्याचाच मायक्रोफोन परस्पर निवडला जाण्याची आणि आवाज टेलिफोनसारखा चपटा होण्याची शक्यता होती. काही लॅपटॉपच्या वरच्या ओळीत मायक्रोफोन बंद करण्याची कळ असते आणि तिच्यावर बारीक दिवा लागतो. माझ्याकडे ती नाही. इनपुटचा आवाज १०० वर होता. आमच्या इमारतीतील एका गृहस्थांची अडचण मात्र याच सुमारास चुटकीसरशी सुटली. ते मॅकबुकचे झाकण मिटून बाहेरच्या मोठ्या पडद्यावर काम करतात, आणि टी२ ही सुरक्षेची चिप किंवा ॲपलची स्वतःची मुख्य चिप असलेल्या मॅकबुकमध्ये झाकण मिटताच मायक्रोफोनचा संबंध यंत्रातच तोडला जातो. तेथे सेटिंग्ज कितीही धुंडाळली, तरी उपयोग नसतो.

बुधवारी संध्याकाळी भाचा स्वतःच आला आणि येताना पेनड्राइव्हवर उबुंटू, म्हणजे विंडोजऐवजी चालवता येणारी दुसरी कार्यप्रणाली, घेऊन आला. लॅपटॉप त्या पेनड्राइव्हवरून सुरू करायचा, आतील विंडोजला हातही लावायचा नाही, आणि मुद्रण करून पाहायचे. विंडोजमधील सारी सेटिंग्ज आणि ड्रायव्हर यांना एका फटक्यात बाजूला सारणारी याहून सोपी युक्ती मला माहीत नाही. उबुंटूतही माझा आवाज तसाच दबका आला, म्हणजे उरलेला दोष सॉफ्टवेअरमध्ये नसून यंत्राच्या अंगात होता. दुकानदाराचे निदान खरे ठरते की काय, या विचाराने मी थोडा गप्प झालो.

त्यानंतर त्याने जे केले ते मला सर्वांत अधिक आवडले. आजच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये मायक्रोफोन एक नसून दोन असतात आणि ते कॅमेऱ्याच्या दोन बाजूंना, चौकटीतील टाचणीच्या टोकाएवढ्या भोकांमागे बसवलेले असतात. प्रत्येकात सिलिकॉनचा अतिशय पातळ पडदा असतो. आवाजाने तो कंप पावला, की त्याच्या आणि मागील पट्टीच्या मधले अंतर बदलते, त्यानुसार विद्युतधारकता बदलते, आणि तो बदल अंकांत रूपांतरित होऊन पुढे जातो. दोन मायक्रोफोन ठेवण्याचे कारण असे, की एकच आवाज दोघांपर्यंत किंचित वेगवेगळ्या क्षणी पोहोचतो आणि त्या फरकावरून समोर बसलेल्याचा आवाज कोणता व बाजूचा गलबला कोणता, हे सॉफ्टवेअरला ओळखता येते. हे सांगत असतानाच त्याने मुद्रण चालू ठेवून उजव्या भोकाजवळ नखाने हलकेच खरवडले, तेव्हा पडद्यावरील आलेख उसळला. डाव्या भोकाजवळ खरवडले, तेव्हा तो जेमतेम हलला. मग झाकण पुढेमागे करत त्याने मला सारखे बोलायला लावले. बिजागरीतून जाणारी केबल दुखावलेली असेल, तर अशा वेळी आवाज तुटतो किंवा खरखर येते. तसे काही झाले नाही.

“मामा, हे काय आहे?” त्याने कॅमेऱ्यावरील काळ्या सरकत्या झाकणाकडे बोट दाखवून विचारले. पाळतीचा लेख वाचला त्याच दिवशी ठाणे स्थानकाबाहेर मी ते विकत घेतले होते आणि मोठ्या समाधानाने चिकटवले होते. त्याची डावी कड मायक्रोफोनच्या भोकावर बरोबर बसली होती. एक कान बोळा घातलेला आणि दुसरा उघडा असलेल्या माणसाला आवाजाची दिशा जशी नीट कळत नाही, तसे माझ्या लॅपटॉपचे झाले होते, आणि समोरून येणारे माझे बोलणे गलबला समजून दाबले जात असावे.

झाकण काढले, तरी भोकावर चिकट थर राहिला. मी सुई आणायला उठलो, तेव्हा भाच्याने हात धरून बसवले. आतील पडदा इतका नाजूक असतो, की सुई किंवा दाबाच्या हवेचा फवारा यांमुळे तो कायमचा फाटू शकतो; कित्येक लोक कॅमेऱ्याची धूळ उडवताना मायक्रोफोन घालवतात. यंत्र बंद करून, कापसाच्या काडीला नावापुरते आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून त्याने भोकाभोवतीचा चिकटपणा बाहेरच्या दिशेने पुसला आणि शेवटी मऊ, कोरडा ब्रश फिरवला. पुढच्या मुद्रणात नखाचा आवाज दोन्ही बाजूंना सारखा आला. मायक्रोफोन खरोखरच मेले असते, तरीही मदरबोर्ड बदलण्याची वेळ आलीच असती असे नाही, हेही त्याने सांगितले; पुष्कळ लॅपटॉपमध्ये ते कॅमेऱ्याच्याच छोट्या पट्टीवर असतात आणि ती पट्टी स्वतंत्र बदलता येते. नाहीच, तर यूएसबीचा साधा मायक्रोफोन लावूनही काम भागते.

एक गोष्ट मात्र शिल्लक राहिली होती आणि तिचा मायक्रोफोनशी काही संबंध नव्हता. मोडी शिकवताना मी बोरूने लिहितो आणि बोरूची कागदावरील खरखर विद्यार्थ्यांना ऐकू जावी, असा माझा आग्रह असतो. हात न उचलता अक्षरामागून अक्षर कसे वाहते, कोठे लय मंदावते, हे त्या आवाजातून कळते. बैठकीचे सॉफ्टवेअर मात्र या खरखरीला पंख्याच्या घरघरीच्या रांगेत बसवून पुसून टाकत असे. झूममध्ये संगीतकारांसाठी ‘ओरिजिनल साउंड’ नावाची सोय आहे. ती चालू केल्यावर गाळणी बाजूला होते आणि आवाज जसाच्या तसा जातो. तंबोऱ्याच्या साथीने ऑनलाइन गाणे शिकवणाऱ्यांना ती ठाऊक असावी, कारण तंबोऱ्याचा अखंड स्वर हाही या गाळणीच्या दृष्टीने गलबलाच ठरतो.

पुढच्या रविवारी बोरू सर्वांना ऐकू आला. त्याबरोबर कुकरच्या शिट्ट्या आणि शेजारच्या जुन्या इमारतीच्या पुनर्विकासासाठी चाललेले ड्रिलही ऐकू गेले, म्हणून वर्गाची वेळ आता संध्याकाळी ७ची केली आहे. कॅमेऱ्यावर सध्या जुन्या दिनदर्शिकेच्या जाड कागदाचा तुकडा आहे, दोन्ही भोके सोडून कापलेला.