तुम्ही विचारलेत म्हणून: निकालावर फी घेणारी ह्यूस्टनची फर्म

पुण्याच्या शिवाजीनगर न्यायालयात मी दिवाणी दावे चालवतो, आणि वर्षातून तीन-चार पक्षकार तरी वकीलपत्रावर सही करता करता हात थांबवून विचारतात, "साहेब, आत्ता फी नको, वसुली झाली की त्यातले टक्के घ्या, अमेरिकेत असंच चालतं ना?" मला नकार द्यावा लागतो, कारण बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार वकिलाला निकालावर अवलंबून असलेली फी ठरवता येत नाही आणि वसुलीत वाटाही घेता येत नाही. (दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 25 मधील महाराष्ट्राच्या दुरुस्तीत, दाव्याला त्रयस्थाने पैसा पुरवण्याची दखल घेतलेली आहे, पण तो पैसा वकिलाने लावायचा नसतो.) त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: हरल्यावर एक पैसाही मिळणार नसेल, तर तिथल्या वकिलांच्या फर्म एवढ्या मोठ्या होतात तरी कशा? न्यायालयातल्या वकिलांच्या खोलीच्या दारात उभ्या उभ्या दिलेले उत्तर दरवेळी अपुरे राहते, म्हणून इथे अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातील ह्यूस्टन शहरातल्या सस्मन गॉडफ्री या वकिलांच्या फर्मची हकीकत सांगतो.

तिचे संस्थापक स्टीफन सस्मन हे मूळचे ह्यूस्टनचेच. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांचे लॉ क्लर्क, म्हणजे न्यायमूर्तींना कायद्याच्या कामात मदत करणारे तरुण वकील, म्हणून काम करून ते गावी परतले आणि तिथल्या एका मोठ्या, जुन्या फर्ममध्ये रुजू झाले. पुढे एका लहान फर्ममध्ये असताना त्यांच्याकडे कोरुगेटेड (नालीदार) पुठ्ठ्याच्या खोक्यांचा खटला आला. खोकी बनवणाऱ्या कंपन्यांनी संगनमताने भाव चढे ठेवले, असा खरेदीदारांचा आरोप होता. तुमच्या घरी येणारे पार्सल ज्या खोक्यात असते तेच हे खोके: एका खोक्यामागे नुकसान काही सेंटांचे, पण खोकी असंख्य आणि खरेदीदार हजारो. तासाच्या दराने वकील लावणे यांपैकी बहुतेकांना परवडण्यासारखे नव्हते. सर्वांच्या वतीने एकत्रित दावा आणि वसुली झाली तरच वकिलांना फी, याच मार्गाने तो खटला उभा राहू शकत होता. बहुतेक कंपन्यांनी आधीच तडजोड केली, उरलेल्यांचा खटला ज्युरीपुढे, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळापुढे, चालला, आणि एकूण वसुली 50 कोटी डॉलरांहून अधिक झाली. 1980 साली सस्मन यांनी स्वतःची फर्म काढली.

टक्केवारीची फी अमेरिकेत नवी नव्हती. अपघातांच्या दाव्यांत ती सर्रास चालत असे. सस्मन यांनी ती कंपन्यांमधल्या मोठ्या व्यापारी वादांत आणली, आणि त्याबरोबर आलेली शिस्त मला त्या टक्क्यांपेक्षाही मोलाची वाटते. निकालावर फी असलेला खटला घ्यायचा की नाही, हे या फर्ममध्ये मतदानाने ठरते, आणि नुकत्याच रुजू झालेल्या वकिलाचे मतही सर्वांत ज्येष्ठ भागीदाराच्या मताइतकेच मोजले जाते. खटला हरला तर वर्षानुवर्षांचे श्रम आणि खर्च बुडणार असल्यामुळे दाव्यातले कच्चे दुवे, तो हाती घेण्याआधीच, फर्ममध्येच शोधले जातात. आमच्याकडे ज्युनियर वकील अनेकदा तारीख घेण्यापुरताच उभा असतो. त्याचे मत फर्मच्या पैशांचा निर्णय फिरवू शकते, ही कल्पनाच मला फार आवडते.

दुसरे असे की तासाच्या दरात लांबलेला खटला वकिलाला पोसतो, तर निकालावरच्या फीमध्ये प्रत्येक लांबलेला महिना त्याच्याच खिशातून जातो. सस्मन आयुष्यभर खटले आटोपशीर करण्यामागे लागले होते: दोन्ही बाजूंच्या वकिलांनी सुरुवातीलाच बसून साक्षी नोंदवण्याचे तास आपसांत ठरवून घ्यावेत आणि किरकोळ वाद न्यायाधीशांपर्यंत नेऊ नयेत, असा त्यांचा आग्रह असे. या पद्धतीत चांगला दावा घाईने तडजोडीत काढण्याचा मोह असतो, हे मला मान्य आहे. त्या मोहाला आवर घालायचा तर खटला शेवटपर्यंत लढवण्याची तयारी समोरच्याला दिसावी लागते, आणि या फर्मची पत त्या तयारीवरच वाढली.

2023 मधला फॉक्स न्यूज या अमेरिकी वृत्तवाहिनीविरुद्धचा खटला तुम्ही ऐकला असेल. मतदान यंत्रे पुरवणाऱ्या डॉमिनियन कंपनीने बदनामीबद्दल 160 कोटी डॉलर मागितले होते. 18 एप्रिलला डेलावेअरच्या न्यायालयात ज्युरी निवडून झाली, डॉमिनियनच्या बाजूने सस्मन गॉडफ्रीचे वकील प्रारंभीचे निवेदन करायला तयार होते, आणि त्याच दुपारी 78 कोटी 75 लाख डॉलरांवर तडजोड झाली. सस्मन हे पाहायला नव्हते. एप्रिल 2020 मध्ये सायकलवरून पडून ते गंभीर जखमी झाले आणि त्यातून सावरत असताना कोविड होऊन जुलैमध्ये वारले.

फर्मची खरी परीक्षा त्यानंतर झाली. 9 एप्रिल 2025 रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी तिच्याविरुद्ध आदेश काढला: सरकारी इमारतींत तिच्या वकिलांच्या प्रवेशावर निर्बंध, आणि तिच्या पक्षकारांच्या सरकारी कंत्राटांवर गदा. अशा दडपणाखाली इतर नऊ मोठ्या फर्मनी सरकारशी समझोते केले आणि मिळून सुमारे 94 कोटी डॉलरांचे विनामूल्य काम देऊ केले. सस्मन गॉडफ्रीने दोन दिवसांत दावा दाखल केला. तिच्या बाजूने मंगर, टॉलिस अँड ओल्सन ही दुसरी फर्म उभी राहिली, तेही पुढचा आदेश आपल्यावर निघू शकतो हे ठाऊक असताना. 15 एप्रिलला न्यायाधीश लोरेन अलीखान यांनी आदेशाला तात्पुरती स्थगिती दिली आणि 27 जूनला तो घटनाबाह्य ठरवून त्याची अंमलबजावणी कायमची रोखली.