भांगाकडे बघायचं राहून गेलं

रविवार, रात्री साडेदहा

आज न्हाताना पुन्हा हातात केसांचा पुंजका आला. मिनॉक्सिडिल, म्हणजे केसांसाठी डोक्याला लावायचं औषध, सुरू करून सहावा आठवडा. "सुरुवातीचे काही आठवडे गळती वाढेल, घाबरून औषध सोडू नका," असं डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. तरी पोटात गोळा आलाच. झोपलेली मुळं औषधाने जागी होतात, नवा केस वर येऊ लागतो आणि सुटायला आलेला जुना केस गळून पडतो. हे सगळं मला कळतं. पण ओला पुंजका बोटांना चिकटलेला असताना कळणं फारसं कामाला येत नाही.

दोन वर्षं मी फणीतले केस मोजत बसले. दिवसाला पन्नास ते शंभर केस जाणं स्वाभाविक आहे असं वाचलं होतं, त्यामुळे साठ-सत्तर निघाले की हायसं वाटायचं. आई म्हणायची, "अगं, तुझ्या वेळी माझेही ओंजळभर गेले होते, आले की परत." तिचं खरंच होतं. बाळंतपणानंतर किंवा मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी जी गळती होते, ती बहुतेक वेळा आपोआप भरून येते. माझं दुखणं वेगळं होतं आणि ते फणीत दिसतच नव्हतं.

आधीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले: थायरॉइड, फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन, सगळं नॉर्मल. "टेन्शन घेऊ नका," म्हणाले. डोक्याकडे पाहिलंच नाही. याचा राग अजून गेलेला नाही.

आताच्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी मात्र आधी भांग पाडला. मग डोक्यावर भिंग टेकवलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. एक केस जाड, शेजारचा निम्म्या जाडीचा, त्याच्या पलीकडे नुसती लव. "केस गळण्यापेक्षा ते दर खेपेला आधीपेक्षा बारीक उगवतायत, हा खरा प्रश्न आहे," त्या म्हणाल्या. अशा कित्येक जणींच्या रक्तात पुरुषी हार्मोन वाढलेलं नसतंच. मुळंच त्याला जास्त संवेदनशील असतात. कपाळावरची केसांची रेघ तशीच राहते आणि भांग मात्र रुंदावत जातो. माझ्या जुन्या फोटोंमध्ये तो रुंदावलेला दिसतो. मी पाहिला नव्हता, एवढंच.

केसांसाठी घेत असलेल्या बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्याही त्यांनी बंद केल्या. त्या चालू असताना थायरॉइडचा रिपोर्ट चुकू शकतो, हे मला पहिल्यांदाच कळलं. म्हणजे ज्या रिपोर्टवर मी निर्धास्त होते, तोही आता पुन्हा करायचा आहे.

मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाचं औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले, तेव्हा त्याचा हा गुण लक्षात आला. पुढची पायरी स्पायरोनोलॅक्टोन या गोळीची. तीही रक्तदाबासाठी वापरतात, पण केसांच्या बाबतीत तिचं काम पुरुषी हार्मोनला अडवायचं. ती घेताना रक्तदाबावर लक्ष ठेवायचं, काहींना पोटॅशियमही तपासावं लागतं आणि दिवस राहू द्यायचे नाहीत, कारण पोटातल्या मुलग्याच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. दुसऱ्या मुलाचं आमचं अजून नक्की नाही. मिनॉक्सिडिलसुद्धा गरोदरपणात चालत नाही. म्हणजे केसांचा निर्णय आणि मुलाचा निर्णय एकाच टेबलावर येऊन बसलेत. यावर आम्हा दोघांचं बोलणं अजून व्हायचंय.

औषध सोडलं तर काही महिन्यांत मिळवलेलं सगळं जातं, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी विचारलं, "म्हणजे कायमचं?" त्या म्हणाल्या, "उपयोग होत असेल तोवर." आहे ते टिकलं तरी ते यशच धरायचं, असंही म्हणाल्या. ते ऐकून रडू आलं आणि बरंही वाटलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी मला खोटा धीर न देता खरं सांगत होतं.

मघाशी आरशासमोर भांग पाडून ड्रॉपरने एक मिलीलीटर सोडलं, बोटांनी पसरवलं, हात साबणाने धुतले. उशी कोरडी राहावी म्हणून सुकेपर्यंत हे लिहीत बसले आहे. फणीतले केस मोजले नाहीत. फोटो सहाव्या महिन्यात, त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात.