नानांची गिनती

७ डिसेंबर, रविवार, रात्री साडेदहा

आज ध्वजदिन. शाळेच्या मैदानावर माजी सैनिकांचा सत्कार होता म्हणून कालच पुण्याहून गावी आले, म्हणजे नानांनीच फोन केला होता की ये, मेडलं लावायचीत आणि मला पिन दिसंना झालीय. नाना माझे चुलत आजोबा. वय ७५. १९६९ ला मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले आणि १९८६ ला हवालदार म्हणून पेन्शनीत आले. गावात सगळे त्यांना मेजर म्हणतात. आमच्याकडं फौजेतून आलेला माणूस मेजरच, हुद्दा कोण विचारतंय.

सकाळी त्यांची काळी पेटी उघडली. वर पांढऱ्या पेंटनं लिहिलेला नंबर, तो आजही ते एका दमात म्हणून दाखवतात. आत डांबराच्या गोळ्यांचा वास, प्लास्टिकच्या पिशवीत डिस्चार्ज बुक, आणि रुमालात गुंडाळलेली मेडलं. पूर्वी स्टार हातात घेतला, १९७१ ला पूर्व आघाडीवर होते त्यांना मिळालेला. रिबीन पार विटलीय. ब्रासो लावून घासत बसले तर नाना म्हणाले, लय घासू नको, मागचा नंबर जाईल.

कार्यक्रम साडेनऊचा होता, सुरू झाला सव्वाअकराला, कारण पाहुणे यायचे होते. तोवर नाना आणि बाकीचे म्हातारे पुढच्या रांगेत उन्हात बसून, आणि एकानंही खुर्चीला पाठ टेकली नाही. मला खूप राग आला होता, अजूनही आहे. पण पहिली-दुसरीची पोरं खिशाला ते लाल, गडद निळ्या आणि फिक्या निळ्या पट्ट्यांचं छोटं झेंडं लावायला आली तेव्हा नाना वाकून एकेकाचं नाव विचारत होते. घरी येताना म्हणाले, "लोकांनी आठवण काढली, बरं वाटलं." शाल आल्या आल्या आईच्या खांद्यावर टाकली, नारळ संध्याकाळी आमटीत.

पण मला खरं लिहायचंय ते दुपारचं.

जेवण झाल्यावर नानांनी पेटीतून एक लांबडी वही काढली, पुठ्ठ्याला खाकी कापड शिवलेलं. म्हणाले, "बस. नोव्हेंबर संपला, कुणाचा दाखला ऱ्हायलाय बघू." हयातीचा दाखला. दरवर्षी नोव्हेंबरात पेन्शनरनं आपण जिवंत आहोत हे दाखवायचं, नाहीतर पेन्शन थांबते. आता मोबाईलवर, सेतू केंद्रात अंगठा किंवा चेहरा दाखवून होतं, पण ऐंशीच्या घरातल्या माणसाचा अंगठा घासून गुळगुळीत झालेला असतो, मशीन घेतच नाही, मग डोळे, मग डोळ्याचं ऑपरेशन झालेलं... अशा कारणांनी राहून जातो. नाना दरवर्षी फौजेतल्या आपल्या जुन्या कंपनीतल्या सगळ्यांना फोन करून विचारतात. मला हे माहीतच नव्हतं. इतकी वर्षं आम्हाला वाटायचं की नाना दुपारी फोनवर गप्पा मारतात.

वहीत एका पानावर एक माणूस. नाव, आर्मी नंबर, गाव, तालुका, फोन. खाली दर वर्षाची एक बारीक खूण. जे गेले त्यांचं नाव खोडलेलं नाही, त्याखाली शाईनं बायकोचं नाव आणि तिचा नंबर लिहिलाय. मी विचारलं, नाना, गेलेल्यांना वेगळं पान का नाही करत? तर म्हणाले, "गिनतीतनं नाव खोडायचं नसतं. तिकडून कोण बोलतंय ते बदलतं."

गिनती म्हणजे फौजेतली हजेरी. संध्याकाळी सगळे फॉलिन होतात, म्हणजे रांगेत उभे राहतात, मोजले जातात, एक जरी कमी भरला तरी तो कुठाय हे कळल्याशिवाय कुणी झोपायला जात नाही. लंगरला जेवत असेल, एमआय रूमला म्हणजे दवाखान्यात असेल, सुट्टीवरून यायचा असेल, पण कुठंतरी असला पाहिजे.

पहिलं पान बघितलं तर तिथं ना नंबर ना फोन. वाईकडच्या एका गावाचं नाव, एक मुलगा, आणि त्याखाली आईचं नाव. आईसमोर १९७२ पासून १९९४ पर्यंत खुणा, नंतर भावाचं नाव, नंतर पुतण्याचं. मी काही विचारलं नाही, नानांनीच सांगितलं, आणि ते लढाईबद्दल कधीच सांगत नाहीत म्हणून मी जसं आठवतंय तसं लगेच लिहून ठेवतेय.

त्यांची पलटण पहिली मराठा, जंगी पलटण. डिसेंबर १९७१ ला ब्रह्मपुत्रा ओलांडून, आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरच्या दक्षिणेला रस्ता अडवून बसलेली, कमांडिंग ऑफिसर कर्नल बरार. ९ डिसेंबरला ब्रिगेडियर क्लेर यांनी जमालपुरातल्या पाकिस्तानी कर्नल सुलतान अहमदला शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली होती, त्यानं उत्तरात एक गोळी गुंडाळून परत पाठवली. ही गोष्ट पुढं सगळीकडं छापून आली. नानांना तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना आठवतंय ते थंडी, ओले मोजे, आणि अंधारात मोर्चा, म्हणजे लढायचा खड्डा, खोदताना फावड्याचा आवाज होऊ नये म्हणून हातानं उकरलेली माती. १० च्या रात्री ती सगळी पाकिस्तानी फौज त्याच रस्त्यानं बाहेर पडायला आली आणि थेट यांच्या मोर्च्यांवर आदळली. रात्रभर चाललं. "उजाडलं तवा समोर काय पडलं हुतं ते सांगायचं न्हाय," एवढंच म्हणाले. मग म्हणाले, गोळीबार थांबला तसा हवालदाराचा आवाज आला, गिनती द्या. एकेकानं नंबर सांगितला. नानांच्या डाव्या हाताला जो होता, पहिल्या पानावरचा तो मुलगा, त्याचा नंबर आलाच नाही. दोघांनी आदल्या संध्याकाळी एकाच मगात चहा घेतला होता. तो २१ वर्षांचा होता, नानाही तेवढेच.

त्याच दिवशी जमालपूर पडलं, १६ ला ढाका. सुट्टी मिळाल्यावर नाना आधी आपल्या घरी न येता वाईला उतरले आणि त्याच्या आईकडं गेले. वही तिथून सुरू झाली.

माणगावच्या यशवंत घाडग्यांचा धडा आम्ही लहानपणी ऐकला होता, १० जुलै १९४४, इटलीत, मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले सगळे पडले किंवा जखमी झाले आणि ते एकटे पुढं धावले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला पण मरणोत्तर. कोकणात जाताना माणगावला त्यांचा पुतळा दिसतो. आणि आमच्या सातारा तालुक्यातलं अपशिंगे मिलिटरी, पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण गेले, स्मारक आहे. हे सगळं मला पाठ होतं, भाषणात बक्षीसही मिळालंय. पण त्या ४६ घरांत नंतर कोण गेलं असेल, कुणी चुलीपाशी बसून विचारलं असेल का, की तुमचं कसं चाललंय, हा विचार आज दुपारपर्यंत माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता. शौर्य आपण पाठ करतो. त्याच्या मागची जी राखण आहे, रोजची, कंटाळवाणी, फोन आणि कागदांची, ती नाना ५० हून जास्त वर्षं करतायत आणि मी त्याला गप्पा समजत होते.

तर मी नंबर लावत गेले, फोन स्पीकरवर. पलीकडून "राम राम साहेब" आणि इकडून नानांचं "राम राम, जेवलास का, दाखला दिलास का, डोळं कसं हाईत?" दोन मिनिटांत संपतं. शिराळ्याचे एक काका म्हणाले अंगठा लागेना म्हणून तीनदा परत पाठवलं. नानांनी लगेच मला सांगितलं, लिही, याला पोस्टमन घरी येऊन चेहऱ्यानं करतो ते सांगायचं. ती सोय खरंच आहे, पोस्टाच्या बँकेची.

सातवा फोन मुलानं उचलला. म्हणाला, दादा आषाढात गेले.

नाना बराच वेळ गप्प. पेन हातात तसाच. मग हळूच म्हणाले, "आईला दे." त्या आल्या, रडल्या. नानांनी रडू दिलं, मध्ये एक शब्द बोलले नाहीत. मग विचारलं, "वैनी, पेन्शन तुमच्या नावावर झाली का?" नव्हती झाली. पाच महिने बँक एकच सांगतेय की कागदावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही. फौजेच्या रेकॉर्डमध्ये लग्नानंतर नवऱ्यानं कळवलेलं नाव एक, आणि गावात सगळे हाक मारतात ते, आधारवर आलेलं, दुसरं. हे आमच्या भागातल्या कितीतरी बायकांचं आहे. १९७० च्या दशकात कोण स्पेलिंग बघत होतं? आता एका अक्षरावरून घर अडतं.

नाना एकदम सावध होऊन बसले, आवाजच बदलला. पीपीओ, म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा कागद, कुठाय, डिस्चार्ज बुकात तुमचं नाव कसं लिहिलंय ते मुलाला वाचायला सांगा, अक्षर न् अक्षर. मुलगा वाचत होता, मी लिहून घेत होते. मग दोन्ही नावं एकाच बाईची असं प्रतिज्ञापत्र, मृत्यूचा दाखला, अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत बेळगावला पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसकडं, तिथून नाव दुरुस्तीची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे फौजेतली अधिकृत नोंद, निघाली की मग बँकेला बोलता येईल. सगळा क्रम नानांना तोंडपाठ. शेवटी म्हणाले, "सोमवारच्या सोमवारी मी फोन करणार वैनी. तुमी नुसतं उचलायचा."

फोन ठेवल्यावर त्यांनी वही जवळ ओढली, चष्मा वर केला, आणि त्या माणसाच्या नावाखाली बाईंची दोन्ही नावं लिहिली. अक्षर थरथरत होतं म्हणून मी म्हटलं, द्या मी लिहिते, तर दिली नाही. लिहून झाल्यावर मग वही माझ्याकडं सरकवली, म्हणाले, "फोटू काढून घे सगळ्या पानांचा. तुझ्या मोबाईलमधी असू दे."

काढले. ३४ पानं. त्यातले ११ जण स्वतः फोन उचलतात, नाना धरून.

उद्या सकाळी सहाच्या गाडीनं निघायचंय. प्रतिज्ञापत्राचा मसुदा मी टाइप करून त्या मुलाला पाठवणार आहे. दोन नंबर लागायचे राहिलेत. एक कोरेगावचा, तो बंद आहे, शेजाऱ्याचा नंबर मिळवायला हवा. दुसरा चंदगडचा, तिथं घरात रेंज नसते, नाना म्हणाले ते संध्याकाळी सातनंतर टेकडावर येतात तेव्हा लागतो. तो मी लावेन.