नोव्हेंबरमधील आइसलँड : किलोमीटर नव्हे, उजेडाचे तास मोजून आखलेला प्रवास

पहिला आराखडा मी एका संध्याकाळी तासाभरात तयार केला होता. आइसलँडला वळसा घालणारा एक क्रमांकाचा रस्ता, म्हणजेच रिंग रोड, सुमारे 1300 किलोमीटरांचा आहे आणि आमच्या हाती गाडी चालवण्याचे आठ दिवस होते. रोजचे जेमतेम 160 ते 165 किलोमीटर होत होते आणि नकाशाचे ॲप प्रत्येक टप्प्याला दोन तासांच्या आसपास दाखवत होते, त्यामुळे हा बेत मला आरामशीरच वाटला. मी, पत्नी, बहीण आणि मेव्हणे अशा चौघांचे जाणे ठरले होते व गाडी मी आणि मेव्हणे आळीपाळीने चालवणार होतो. मेव्हण्यांनी तो तक्ता पाहिला आणि एवढेच विचारले, "तिथे तेव्हा सूर्य किती वाजता उगवतो?"

त्या प्रश्नाने सगळा तक्ता मोडीत निघाला. नोव्हेंबरच्या मध्यावर राजधानी रेक्याविकमध्ये सूर्य सकाळी दहाच्या सुमारास उगवतो आणि दुपारी साडेचारच्या सुमारास मावळतो, म्हणजे उजेड साडेसहा तासांचा. महिन्याच्या सुरुवातीला तो आठ तासांच्या आसपास असतो आणि डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात चार तासांवर येतो. उत्तरेकडे संधिप्रकाश बराच वेळ रेंगाळत असल्याने दोन्ही टोकांना आणखी पाऊण तास तरी मिळतो, परंतु तो वाहनतळापर्यंत पोहोचण्यासाठी किंवा मुक्कामाचे घर शोधण्यासाठी वापरावा. अनोळखी घाट उतरण्यासाठी नव्हे.

या साडेसहा तासांतून मग एकेक गोष्ट वजा करीत गेलो. काचेवरचा बर्फ खरवडणे, दोन ठिकाणी उतरून धबधब्यापर्यंत निसरड्या वाटेने जपून चालत जाणे, जेवण, इंधन, आणि डोंगराआडून अचानक हिमनदी दिसली म्हणून सुरक्षित जागा पाहून थांबणे, हे सारे धरले तर गाडी चालवायला उजेडाचे तीनच तास उरतात. गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर वेगमर्यादा ताशी 90 किलोमीटर आहे, ॲप तीच धरून चालते. पण रस्त्यावर बर्फाचा पातळ थर असेल तर आम्ही ताशी साठाचीही सरासरी धरू नये, असे ठरवले. म्हणजे चांगल्या हवामानाच्या दिवशीसुद्धा जास्तीत जास्त 180 किलोमीटर. सरासरीच्या हिशेबाने पहिला आराखडा यात बसत होता, पण गावे सरासरीच्या हिशेबाने वसलेली नसतात. पूर्वेकडील एगिल्सस्तादिरपासून उत्तरेतील आकुरेरीपर्यंतचा टप्पाच अडीचशे किलोमीटरांच्या आसपास आहे. त्यातला बराच भाग उजाड, उंच पठारावरून जातो आणि हिवाळी वादळात हे पठार वाहतुकीला बंद केले जाते.

आडहंगामात दुसऱ्या देशात गाडीने फिरताना वळसा घालणारा मार्ग घेऊ नये, गेलेल्या वाटेने परतणारा मार्ग घ्यावा, असे माझे ठाम मत त्यानंतर झाले. आग्नेय टोकाचे हॉफ्न हे गाव दक्षिणेच्या वाटेने रेक्याविकपासून सुमारे 460 किलोमीटरांवर आहे. तेथून पुढे उत्तरेच्या वाटेने रेक्याविक गाठायचे तर जवळपास 900 किलोमीटर उरतात, वाटेत दोन-तीन उंच खिंडी येतात आणि यांतली कोणतीही एक बंद झाली की मागे फिरण्याखेरीज मार्ग नसतो. अशा वेळी वाया गेलेला एक दिवस पुढच्या प्रत्येक दिवसाला धक्का देतो आणि शेवटी विमान चुकण्याची पाळी येते. जाऊन-येऊन मार्गात मात्र दिवस वाया गेला तर फक्त टोक कापायचे असते: हॉफ्नऐवजी अलीकडच्या योकुलसारलोन सरोवराहून परतायचे, तेही जमले नाही तर त्याहून अलीकडच्या वीक गावाहून. शिवाय जाताना धुक्यात हरवलेला धबधबा येताना स्वच्छ उन्हात पाहायला मिळू शकतो. स्कोगाफॉस धबधब्याच्या बाबतीत आमचे अगदी असेच झाले.

अंधाराची वेळ तक्त्यात पाहता येते, वाऱ्याची येत नाही, म्हणून नियोजनात सर्वांत जास्त विचार वाऱ्याचा करावा लागला. आइसलँडमध्ये वाऱ्याचा वेग मीटर प्रतिसेकंद या एककात सांगतात आणि आपल्याला तो आकडा किरकोळ वाटतो. त्याला 3.6 ने गुणले की अर्थ कळतो: 15 म्हणजे ताशी 54 किलोमीटर, 25 म्हणजे ताशी 90. दक्षिण किनाऱ्यावर एयाफ्यात्लायोकुलच्या, म्हणजे 2010 साली ज्याच्या राखेने युरोपातील विमाने थांबवली त्याच ज्वालामुखीच्या, पायथ्याशी रस्ता उभ्या कड्यांना चिकटून जातो. उत्तरेकडून वारा सुटला की तो या कड्यांवरून खाली कोसळतो आणि सरासरी वेगापेक्षा कितीतरी जोराचे झोत गाडीला बाजूने धक्के देतात. वीकच्या पूर्वेकडील काळ्या वाळूच्या मैदानात तर हा वारा वाळूही उचलतो आणि तिच्या माऱ्याने गाडीचा रंग व काच खरवडून निघते. रस्त्याकडेच्या विजेच्या फलकांवर तापमान, वारा आणि झोतांचा वेग झळकत असतो. तो वाचायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

वीकमधील पेट्रोलपंपावर मेव्हणे नेहमीच्या सवयीने एका हाताने दार उघडून उतरू लागले. दार त्यांच्या हातातून हिसकले गेले आणि बिजागरीचा कडकड असा आवाज आला. त्यांनी दुसऱ्या हाताने चौकट पकडली म्हणून ते उलटे वळले नाही. वाऱ्याने मोडलेले दार नेहमीच्या विम्यात सहसा बसत नाही, त्यामुळे करारातील तो परिच्छेद गाडी ताब्यात घेण्यापूर्वीच वाचावा. त्यानंतर आमचा नियम ठरला: गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी करायची, दार दोन्ही हातांनी धरून बोटभर उघडायचे, आणि एका वेळी एकच दार उघडायचे. सकाळी निघताना प्रत्येकाला तो पुन्हा सांगितला जाई.

गाडी निवडताना पैसे वाचवू नयेत. चारही चाकांना जोर असलेली गाडी बर्फातून निघायला मदत करते, परंतु ब्रेक लावताना तिचा काही उपयोग होत नाही. थांबण्याचे काम टायर करतात. म्हणून नोंदणी करतानाच खिळ्यांचे टायर असल्याची लेखी खात्री करून घ्यावी. तेथे 1 नोव्हेंबरपासून 14 एप्रिलपर्यंत असे टायर वापरायला मुभा आहे. वाहतूक उजव्या बाजूने चालते (तो देशही 26 मे 1968 पर्यंत डावीकडूनच गाडी चालवत असे), म्हणून पहिला अर्धा तास सवय होण्यासाठी रिकाम्या रस्त्यावर घालवावा. दिवे दिवसाही चालू ठेवणे बंधनकारक आहे. काही पूल एकपदरी आहेत. जो पुलाच्या जवळ असेल तो आधी जातो, तरीही समोरून येणाऱ्याचा वेग पाहूनच पुढे सरकावे. कर्मचारी नसलेल्या पंपांवर चार आकडी पिन असलेले कार्डच चालते. ते प्रत्येक चालकाजवळ असावे आणि टाकी अर्ध्यावर आली की भरून घ्यावी, कारण पूर्वेकडे जावे तसे पंप विरळ होत जातात.

शेवटी ठरलेला बेत असा होता. पहिल्या दिवशी उतरल्यावर केफ्लाविक विमानतळ ते रेक्याविक एवढे 50 किलोमीटरच. रात्रभर विमानात जागलेल्या माणसाने त्याहून अधिक चालवू नये. दुसऱ्या दिवशी थिंगवेत्लिर राष्ट्रीय उद्यान, गेसिरची गरम पाण्याची कारंजी आणि गुल्फॉस धबधबा पाहून दक्षिणेला क्वोल्सवोत्लुरजवळ मुक्काम. तिसऱ्या दिवशी सेल्यालांड्सफॉस आणि स्कोगाफॉस करून वीक. हे अंतर ऐंशी किलोमीटरांच्या आसपासच आहे, पण दोन्ही धबधबे सुमारे 60 मीटर उंचीचे आणि तेथे वेळ कसा जातो ते कळत नाही. चौथ्या दिवशी किर्क्युबायारक्लाउस्तुरमार्गे, ज्याला तेथील लोक नुसते क्लाउस्तुर म्हणतात, स्काफ्ताफेल परिसरात. तेथे सलग दोन रात्री, म्हणजे पाचवा पूर्ण दिवस हिमनदी व योकुलसारलोन सरोवरासाठी. सहावा दिवस कोरा. सातव्या दिवशी पश्चिमेकडे परत, आठव्या दिवशी रेक्याविक.

त्या कोऱ्या दिवसावरून आमच्यात बराच वाद झाला होता. एवढे पैसे खर्चून एक दिवस मोकळा कशाला, असे बहिणीचे म्हणणे होते आणि ते समजण्यासारखेही होते. चौथ्या दिवशी सकाळी वीकमध्ये उठलो तेव्हा रस्ते विभागाच्या नकाशावर पूर्वेकडची रेषा लाल झाली होती आणि गावाबाहेर रस्त्यावर आडवे फाटक लावलेले होते. घराच्या मालकीणबाईंनी खिडकीतून आकाशाकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांनी फोनवर हवामान खात्याचे पान उघडले, दुपारनंतरचा केशरी इशारा दाखवला आणि आणखी एका रात्रीसाठी चादरी काढून ठेवल्या. कोरा दिवस तेथेच खर्ची पडला. पुढच्या सकाळी फाटक उघडले आणि आम्ही काहीही रद्द न करता, फक्त एक दिवस उशिरा, स्काफ्ताफेलला पोहोचलो. अर्थात हे जमले ते सर्व मुक्काम ऐन वेळेपर्यंत बदलता किंवा रद्द करता येतील असेच निवडले होते म्हणून. हंगाम नसल्याने खोल्या मिळतात, त्यामुळे त्यासाठी थोडे जास्त दर देणे मला योग्य वाटते.

आडहंगामात काय मिळत नाही, याची यादी आधीच करून ठेवली तर प्रत्यक्षात हिरमोड होत नाही. अंतर्भागातील डोंगराळ रस्ते, ज्यांच्या क्रमांकाआधी 'एफ' असते, या काळात बंद असतात. पफिन पक्षी उन्हाळ्याअखेरीस समुद्रावर निघून गेलेले असतात. सेल्यालांड्सफॉसच्या पडद्यामागून जाणारी वाट बर्फ साचला की बंद करतात. याउलट देशाचा सुमारे 8 टक्के भूभाग व्यापणाऱ्या वात्नायोकुल हिमनदीखालच्या नैसर्गिक बर्फगुहा थंडीतच पाहाव्यात, त्याही प्रशिक्षित वाटाड्यासोबतच. ऑगस्ट 2024 मध्ये तिच्याच ब्रेदामेर्कुरयोकुल या फाट्यावर बर्फ कोसळून एका पर्यटकाचा मृत्यू झाला होता. वीकजवळच्या रेनिस्फ्यारा किनाऱ्यावर अचानक आत घुसणाऱ्या लाटांचा धोका मात्र बारमाही आहे आणि तेथील इशारादिवे पाळायचेच असतात.

दोन गोष्टींचा विचार मी आधी केला नव्हता. पहिली म्हणजे ऊन. नोव्हेंबरच्या मध्यावर भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सात-आठ अंशच वर असतो, त्यामुळे दुपारनंतर पश्चिमेकडे परतताना तो थेट चालकाच्या डोळ्यांत येतो आणि ओला रस्ता आरशासारखा चकाकतो. काळोखाच्या देशात गॉगल लागेल असे कोणाला वाटले नव्हते. आमच्याकडे एकच होता आणि तो चालकाच्या डोळ्यांवर राहिला. शक्य असेल तर परतीचे लांब टप्पे सकाळीच उरकावेत.

दुसरी म्हणजे संध्याकाळ. साडेचारला अंधार पडल्यावर झोपेपर्यंत पाच-सहा तास मोकळे असतात आणि त्यांचे काही ठरवले नसेल तर माणसे चिडचिडी होतात किंवा अंधारात गाडी काढतात. तेथील अनेक लहान गावांतही भूगर्भातल्या उष्णतेवर तापवलेला सार्वजनिक तरणतलाव असतो. बोचऱ्या वाऱ्यात उघड्यावरच्या कढत पाण्यात गळ्यापर्यंत बसून गावकऱ्यांच्या गप्पा ऐकणे, हा आमच्या साऱ्या प्रवासातला सर्वांत सुखाचा भाग होता. उत्तरप्रभा, म्हणजे रात्रीच्या आकाशातला रंगीत ध्रुवीय प्रकाश, पाहायची असेल तर मुक्काम गावाच्या दिव्यांपासून थोडा दूर घ्यावा, म्हणजे तिच्यासाठी रात्री गाडी चालवावी लागत नाही. आम्ही ती स्काफ्ताफेलच्या घराच्या पायऱ्यांवरून पाहिली. रस्त्यात थांबून आकाशाकडे पाहत राहणे फार धोक्याचे आहे, कारण बहुतेक ठिकाणी रस्त्याला कडेची पट्टीच नसते.

शेवटची रात्र विमानतळाच्या टप्प्यातच घ्यावी. रेक्याविक ते केफ्लाविक हा रस्ता बहुतांशी चौपदरी आणि सरावाचा असला तरी हिमवादळात तोही बंद पडतो, म्हणून आम्ही दुपारच्या विमानासाठी आदल्या संध्याकाळीच गाडी परत केली आणि विमानतळाशेजारच्या गावात झोपलो.