तिसरीचे पहिले सत्र आणि न सापडणारी नोंद

माझी मुलगी 2024 च्या जूनमध्ये तिसरीत गेली. अंधेरीतील तिच्या कॅथलिक शाळेत तिसरीच्या वर्षी कॅथलिक मुलांची फर्स्ट कम्युनियनची, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा पवित्र भाकर घेण्याच्या विधीची, तयारी करून घेतात. धर्मशिक्षणाच्या तासाला वर्गाचे दोन भाग होतात. कॅथलिक मुले एका खोलीत जातात आणि बाकीची मुले मूल्यशिक्षणासाठी आपल्याच बाकांवर बसतात. बालभारतीची पुस्तके, पाढे, परिसर अभ्यासातील आपल्या जिल्ह्याची ओळख आणि घटक चाचणी हे सगळे वेळच्या वेळी झाले, त्यामुळे त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. सत्र अडले ते एका कागदापाशी, आणि तो कागद म्हणजे बाप्तिस्म्याचा दाखला.

जुलैच्या पालकसभेत बाईंनी दाखल्याची प्रत सप्टेंबरअखेर आणून द्यायला सांगितली, तेव्हा मी निर्धास्त होते. कारण घरी एक रंगीत कार्ड होते, त्यावर कबुतराचे चित्र आणि मुलीचा फोटो होता, शिवाय ते लॅमिनेटही केलेले होते. बाईंनी ते पाहिले, छान आहे म्हणाल्या आणि परत दिले. असे कार्ड ही केवळ आठवण असते. दाखला म्हणजे चर्चच्या नोंदवहीतील नोंदीचा उतारा. त्यावर नोंदीचा क्रमांक, बाप्तिस्मा देणाऱ्या फादरांचे आणि धर्ममातापित्यांचे नाव, शिवाय सही व शिक्का असावा लागतो. जिथे बाप्तिस्मा झाला, तेच धर्मग्राम, म्हणजे त्या भागाचे चर्च, तो देऊ शकते. पुढे दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा संस्कार) आणि विवाह झाला की त्याची नोंदही त्याच वहीत, मूळ नोंदीपाशी केली जाते, म्हणून माणूस कुठेही राहायला गेला तरी त्याची वही बदलत नाही. हा नियम चांगलाच आहे, पण माझे पहिले बाळंतपण माहेरी झाल्यामुळे माझ्या मुलीची वही वसईत होती.

गणपतीच्या सुट्टीत जाऊन यावे असे मी ठरवले. त्या वर्षी गणपती आणि माउंट मेरीची जत्रा एकाच आठवड्यात आले होते. गर्दीतून विरार लोकलने वसई रोड, तिथून रिक्षाने चर्च गाठले, तर कार्यालयाला सोमवारची सुट्टी. फोन करून निघायला हवे होते, हे मान्य. दुसऱ्या खेपेला कार्यालय उघडे होते. छापील अर्जात मुलीचे नाव, आईवडिलांची नावे आणि जन्मतारीख एवढेच रकाने होते. मी 11 डिसेंबर 2016 असे लिहून दिले. कारकुनांनी 2016 ची वही काढली. वहीची कापडी पाठ उसवलेली होती आणि नोंदी निळ्या शाईत होत्या. 11 डिसेंबरपासून खाली एकेका नावावर बोट ठेवत ते महिनाअखेरीपर्यंत आले आणि त्यांनी वही मिटली. “नोंद नाही. दुसऱ्या चर्चमध्ये झाला असेल.”

मी त्यांना सांगितले की बाप्तिस्मा याच चर्चमध्ये झाला, त्या वेळी मी बाळाला घेऊन कुंडापाशी उभी होते आणि बाहेर माझ्या भावाने फोटो काढले. त्यांनी वही पुन्हा उघडली, तेच पान पाहिले आणि तेच उत्तर दिले. साक्षीदार म्हणून धर्ममातापित्यांना घेऊन या, मग फादरांशी बोला, असे वर सांगितले. धर्मपिता, म्हणजे माझा धाकटा दीर, दुबईला नोकरीला आहे. आपल्या पोटच्या मुलीचा बाप्तिस्मा झाला होता हे आता दुबईहून माणूस आणून सिद्ध करावे लागणार, या विचाराने मी परतीच्या गाडीत भाईंदरची खाडी येईपर्यंत नवऱ्याला फोनवर काय काय ऐकवले, ते इथे लिहीत नाही.

उत्तर घरातच सापडले. सासूबाईंनी बाप्तिस्म्याच्या मेणबत्तीचा खोका जपून ठेवला होता आणि त्यातल्या एका फोटोमागे तारीख होती : 8 जानेवारी 2017. तो तीन राजांच्या सणाचा रविवार होता. अंगणात नाताळचा तारा टांगलेला असल्याने माझ्या डोक्यात तो दिवस नाताळच्या सुट्टीतला, म्हणजे जुन्याच वर्षातला, असा बसला होता. नोंदवही बाप्तिस्म्याच्या तारखेप्रमाणे लावलेली असते, जन्मतारखेप्रमाणे नव्हे. चूक माझीही होतीच, पण रोज ही वही हाताळणाऱ्या माणसाने डिसेंबरमध्ये जन्मलेल्या बाळासाठी पुढच्या वर्षाची वही काढून पाहायला नको का? आणि ज्या तारखेवर सगळे अवलंबून आहे, तिच्यासाठी अर्जात रकानाच नसावा?

तिसऱ्या खेपेला नोंद दोन मिनिटांत मिळाली. दाखल्यावरचे नाव मात्र आधार कार्डाशी जुळत नव्हते, कारण बाप्तिस्म्याच्या वेळी सासूबाईंच्या आग्रहाने आणखी एका संतिणीचे नाव जोडले होते. ते तसेच चालते. फक्त अर्जावर दोन्ही नावे लिहा.

या धावपळीत मुलगी काय शिकत होती, याकडे माझे लक्ष उशिरा गेले. क्रुसाची खूण आणि रोजच्या प्रार्थना तिला आधीपासून येत होत्या, पण त्या मराठीत, सासूबाईंकडून शिकलेल्या. शाळेत त्याच इंग्रजीत म्हणायच्या असल्याने ती आरंभ इंग्रजीत करायची आणि मध्येच मराठीत शिरायची. सासूबाईंना याचे काही वाटले नाही. त्यांच्या लहानपणी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये होत असे आणि ‘पातेर नोस्तेर’ (‘हे आमच्या बापा’ ही प्रार्थना) त्यांना अजून पाठ आहे. दहा आज्ञा तिला लवकर पाठ झाल्या. सात संस्कारांपैकी रुग्णांचा अभ्यंग हा एक दर वेळी राहून जात असे. कम्युनियनआधी एक तास काही खायचे नाही, पाणी चालते, हे तिने आम्हा दोघांना बजावले. सराव साध्या, आशीर्वादित न केलेल्या ओस्तीने, म्हणजे कम्युनियनच्या पातळ भाकरीने, होतो. ती बेचव लागते, अशी तिची तक्रार होती. आजवर सक्तीने पाठ करून घेतलेल्या गोष्टींपेक्षा वेगळी गोष्ट तिला पहिल्या कन्फेशनच्या, म्हणजे फादरांपुढे आपल्या चुका कबूल करण्याच्या, तयारीत करावी लागली, ती म्हणजे दिवसभरात आपण काय केले हे रात्री आठवून पाहणे. आजीचा चष्मा लपवणे, डब्यातली भाजी मैत्रिणीच्या डब्यात सरकवणे, अशी यादी ती बोटांवर मोजायची. एका रात्री तिने विचारले, “मम्मा, वसईच्या त्या अंकलना तू फोनवर वाईट बोललीस, ते मी सांगायचं की तू?”

सप्टेंबर संपायला तीन दिवस असताना दाखला बाईंच्या हाती दिला. त्यांनी तो नीट पाहिला आणि सांगितले की मूळ दाखला घरी ठेवा, आम्हाला झेरॉक्स पुरते. हे जुलैत सांगितले असते तर मी वहीतल्या नोंदीचा मोबाइलवर फोटो मागून पाहिला असता. तो मिळाला असता की नाही, कोण जाणे. ज्यांची मुले यंदा दुसरीत आहेत, त्यांनी मे महिन्याच्या सुट्टीत गावी गेल्यावरच दाखल्याच्या दोन प्रती काढून आणाव्यात आणि नोंदीचा क्रमांक घरात कुठेतरी लिहून ठेवावा, कारण दृढीकरणाच्या वेळी हाच कागद पुन्हा मागतात.