काळी सैनिक माशी, तिसरी पिढी: चरबी, पीठ आणि खत

काळी सैनिक माशी (ब्लॅक सोल्जर फ्लाय) हिच्या अळ्या ओला कचरा खाऊन वाढतात, म्हणून मी त्या पाळतो. तिसऱ्या पिढीच्या अळ्यांची काढणी या आठवड्यात आटोपली. पहिल्या दोन पिढ्यांत अळ्या जगवणे एवढेच उद्दिष्ट होते. या वेळी त्यांच्यापासून चरबी, प्रथिनयुक्त पीठ आणि खत ही तिन्ही उत्पादने वेगवेगळी काढून पाहिली. या उद्योगातले निम्मे कष्ट माशीपायी नसून पाण्यापायी आहेत, असे माझे मत त्यातून बनले.

भाजीचे देठ आणि फळांच्या साली यांचा लगदा एका टबात मी न निथळताच ओतला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी टबाच्या आतल्या भिंतीवर पाण्याचे ओघळ दिसले आणि त्या ओघळांवरून वर सरकलेल्या शेकडो अळ्या काठ ओलांडून फरशीवर पसरल्या होत्या. कोरड्या, गुळगुळीत प्लास्टिकवर त्यांची पकड बसत नाही. भिंत ओली झाली की मात्र तिला अंग चिकटवून त्या सरळ उभ्या चढतात. तेव्हापासून लगदा मुठीत दाबल्यावर बोटांमधून जेमतेम एक-दोन थेंब यावेत इतका गव्हाचा कोंडा त्यात मिसळतो, आणि पळापळ थांबली आहे. थरही पाच सेंटीमीटरपेक्षा जाड ठेवत नाही, कारण जाड थराच्या तळाशी हवा पोहोचत नाही आणि तेथूनच दुर्गंधी सुरू होते. खोलीत २८ अंश सेल्सिअस तापमान असताना अळ्यांच्या घोळक्यात खुपसलेला तापमापक ४१ अंश दाखवत होता. एवढी उष्णता त्या आणि त्यांच्यासोबतचे सूक्ष्मजीव मिळून निर्माण करतात.

दहा किलो ओल्या खाद्यातून सुमारे १.६ किलो ताज्या अळ्या मिळाल्या. कोषपूर्व, म्हणजे कोषात जाण्याआधीच्या अवस्थेत अळी काळपट होते, खाणे सोडते आणि कोरडा आडोसा शोधत स्वतःहून बाहेर पडते. उतरत्या फळीचे टब याच सवयीचा फायदा घेतात: अळ्या फळीवरून चढून आपोआप बाहेरच्या डब्यात पडतात. पीठ करायचे असेल तर मात्र मी त्याआधीच, अळ्या फिकट असतानाच चाळून घेतो, कारण काळपट अळीच्या कातडीत कायटिन या कडक, सहज न पचणाऱ्या द्रव्याचे प्रमाण वाढलेले असते. निवडलेल्या अळ्या मिनिटभर उकळत्या पाण्यात टाकून नंतर ६० अंशांवर वाळवल्या. येथे माझी एक चूक झाली. चरबी न काढताच मी वाळलेल्या अळ्या दळायला घेतल्या. पात्याखाली पीठ होण्याऐवजी तपकिरी, तेलकट गोळा जमला आणि भांडे घासण्यात अर्धा तास गेला. पुढच्या घाण्याला अळ्या कोमट करून आधी दाबयंत्रात पिळल्या, तेव्हा उरलेली पेंड व्यवस्थित दळली गेली.

पिळून निघालेली चरबी रात्रीतून गोठून फिकट पिवळी झाली. खोबरेल तेलाप्रमाणे हिच्यातही लॉरिक आम्ल या स्निग्ध आम्लाचा वाटा मोठा असतो. म्हणूनच साबण, पशुखाद्य आणि जैवडिझेल या तिन्हींसाठी तिचा विचार होतो. मी तिचा छोटा साबण करून पाहिला. तो घट्ट झाला, परंतु भाजल्यासारखा मंद वास काही गेला नाही.

पिठाचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे मत्स्यपालन, कारण तेथे ते मासळीच्या कुटीची काही प्रमाणात जागा घेऊ शकते. युरोपीय संघाने कीटकांपासून मिळणाऱ्या प्रथिनांना मत्स्यखाद्यात २०१७ मध्ये आणि कोंबड्या व डुकरांच्या खाद्यात २०२१ मध्ये परवानगी दिली. तरीही अशा अळ्यांना शेणखत किंवा स्वयंपाकघरातील उष्टे खाऊ घालण्यास तेथे मनाई आहे. मला ही अट जाचक वाटत नाही. खाद्यातले कॅडमियम हे विषारी जड धातू अळीच्या शरीरात साठते, त्यामुळे काय खाऊ घातले याचा हिशेब ठेवलाच पाहिजे.

टबात उरलेला भुसभुशीत चुरा, म्हणजे विष्ठा, काती आणि न पचलेले खाद्य, हा खत म्हणून फुकट मिळाल्यासारखा वाटतो; पण ताज्या चुऱ्यात अमोनिया असतो. एका कुंडीत तो थेट मिसळला तेव्हा रोपांच्या पानांची टोके चार दिवसांत करपली. सहा आठवडे ओलसर ठेवून, अधूनमधून उलथून मुरवलेला चुरा त्याच मातीत घातला, तेव्हा तसे काही झाले नाही. देठांचे तंतुमय तुकडे त्यात जसेच्या तसे होते, कारण सेल्युलोज या अळ्यांना फारसे पचत नाही. ते मी गांडुळांच्या पेटीत टाकले.

प्रजोत्पादनात अजून अडतो आहे. प्रौढ माशीला अन्नाची गरज नसते, तिला पाणी पुरते. परंतु मिलनासाठी प्रखर प्रकाश हवा असतो. साध्या दिव्याखाली घातलेली बहुतेक अंडी फुटलीच नाहीत. जाळीचा पिंजरा सकाळच्या उन्हात हलवला, तेव्हा नालीदार पुठ्ठ्याच्या फटींत घातलेल्या अंड्यांतून चौथ्या दिवशी अळ्या निघाल्या. त्या पुठ्ठ्याच्या तीन पट्ट्या काल नव्या खाद्यावर टांगल्या आहेत.